आठवण कोणी ठेवायची?



तुमच्यापैकी बहुतेकांचा दिवस नोकरीचा, शेतीचा किंवा दुकानाचा असतो. संध्याकाळ घरातील लहानथोरांची असते. आणि या सर्वांतून जो वेळ उरतो, तो या पुस्तकाच्या वाट्याला येतो. अशा आयुष्यात एखादे काम विसरले जाणे हा आळसाचा दोष नव्हे. स्वाध्याय देण्याची मुदत, संपर्कसत्राचा रविवार, विजेचे बिल, मुलीच्या शाळेतील पालकसभा, सासऱ्यांच्या रक्ततपासणीचा दिवस ही सर्व कामे एकाच डोक्यात राहत असतात आणि त्यांतील एखादे निसटते. म्हणूनच अलीकडे अनेकजण मोबाइलवरील चॅटबॉटला लिखित आज्ञा देऊन आपली कामे त्याच्या यादीत टाकतात. मीही गेली चार वर्षे तसे करीत आलो आहे.

प्रस्तुत लेखात या सवयीविषयी माझे मत मांडतो. मी तंत्रज्ञ नाही. भाषाविज्ञानाचा अध्यापक आहे. त्यामुळे कोणता बॉट चांगला, हे मी सांगणार नाही. यंत्राला आज्ञा देताना आपण नेमके काय सोपवतो आणि काय सोपवता येत नाही, एवढाच माझा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मराठी भाषेच्या रचनेतच बऱ्याच अंशी दडलेले आहे, असे मला वाटते.

१. आज्ञा घेणारे यंत्र

माणसाने लिहावे आणि यंत्राने लेखी उत्तर द्यावे, ही कल्पना नवी नाही. जोसेफ वायझेनबाउम यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत तयार केलेल्या 'एलायझा' या संगणक-कार्यक्रमाची माहिती १९६६ मध्ये प्रसिद्ध झाली. समोरच्याच्या वाक्यातील काही शब्द उचलून ते प्रश्नाच्या रूपात परत करणे एवढेच एलायझाला येत असे. तरीही लोक तिच्याशी मन मोकळे करू लागले आणि त्यामुळे खुद्द वायझेनबाउमच अस्वस्थ झाले.

ज्या बॉटविषयी मी बोलतो आहे, तो याहून साधा आहे. तो गप्पा मारत नाही; ठरावीक साच्यातील आज्ञा घेतो. टेलिग्राम या संदेशसेवेने २०१५ मध्ये बाहेरच्या निर्मात्यांना असे बॉट तयार करण्याची सोय खुली केली. तेथे आज्ञेचा आरंभ तिरप्या रेघेने होतो. रेघेला लागून आज्ञेचे नाव येते आणि ते रोमन अक्षरांतच लिहावे लागते. पुढे तारीख, वेळ आणि कामाचा मजकूर. हा मजकूर मात्र मराठीत लिहिता येतो. बॉट या ओळीचे तुकडे पाडतो, पहिल्या शब्दावरून काय करायचे ते ठरवतो, उरलेले तुकडे यादीत नोंदवतो आणि नेमलेली वेळ झाली की तुमचाच मजकूर, एका अक्षराचाही बदल न करता, तुम्हाला परत पाठवतो. ओळ साच्यात बसली नाही, तर 'आज्ञा समजली नाही' असे सांगून मोकळा होतो.

'तुमचाच मजकूर तुम्हाला परत' हे शब्द लक्षात ठेवा. पुढील सारे विवेचन त्यांवर उभे आहे.

२. एक दाखला

माझ्या आईला कुटुंबनिवृत्तिवेतन मिळते. निवृत्तिवेतन घेणाऱ्यांना दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे तुमच्यापैकी अनेकांना घरच्या अनुभवावरून ठाऊक असेल. वडील गेल्यानंतर हे काम माझ्याकडे आले. आई दिवाळी आटोपली की विचारू लागे, "दाखल्याचं बघितलंस का रे?" भिंतीवरच्या दिनदर्शिकेत नोव्हेंबरच्या पानावर तिने पेन्सिलीने गोल केलेला असे. चार दिवसांनी पुन्हा तोच प्रश्न येई. मला त्याचा थोडा त्रास होई, हे कबूल केले पाहिजे.

तीन वर्षांपूर्वी तिने नेहमीप्रमाणे विचारले, तेव्हा मी म्हणालो, "लावून ठेवलंय." आणि खरोखरच लावले होते. बॉटला मी आज्ञा दिली होती: ३० नोव्हेंबर, रात्री ९, दाखला. रात्री नऊची वेळ निवडण्याचे कारण इतकेच, की त्या वेळी मी घरी निवांत असतो.

३० नोव्हेंबरला रात्री बरोबर नऊ वाजता संदेश आला: दाखला. बँक तेव्हा बंद झालेली होती आणि मुदतही संपत होती. दुसऱ्या दिवसापासून मी परीक्षेच्या कामासाठी बाहेरगावी होतो. दाखला पोहोचेपर्यंत डिसेंबर निम्म्याहून अधिक सरला आणि त्या महिन्याचे निवृत्तिवेतन वेळेवर आले नाही. पुढे ते थकबाकीसह जमा झाले. पैशांचे नुकसान काही झाले नाही. परंतु जी बाई वडिलांच्या पश्चात आपली औषधे आपल्याच पैशांतून आणत आली होती, तिला त्या महिन्यात मुलापुढे हात पसरावा लागला. पैसे घेताना ती एवढेच म्हणाली, "तू लावून ठेवलंय म्हणालास, म्हणून मी पुन्हा बोलले नाही."

यंत्राने चूक केलेली नव्हती. मी सांगितले ते, सांगितले तेव्हा, सांगितले तसे त्याने केले. चूक कोठे झाली याचा विचार मी त्यानंतर बरेच दिवस करीत होतो.

३. आठवण ठेवणे आणि आठवण करून देणे

मराठीत 'आठवण' या नामाबरोबर येणारी क्रियापदे पाहा. 'मला आईची आठवण येते.' येथे आठवणारी व्यक्ती 'मला' या रूपात आहे. आठवण आपण होऊन येते, ती आणणे आपल्या हाती नसते. 'मी ही आठवण ठेवीन.' येथे 'मी' कर्ता आहे आणि ठेवणे ही जाणीवपूर्वक पत्करलेली जबाबदारी आहे. 'आईने तुझी आठवण काढली.' यात माया आहे. आणि 'त्याने मला आठवण करून दिली.' येथे करून देणारा एक आणि आठवण होणारा दुसरा.

यंत्राला यांपैकी कोणते क्रियापद लावता येते? फक्त शेवटचे. यंत्र आठवण करून देते. त्याला कशाची आठवण येत नाही. ते कोणाची आठवण काढत नाही. आणि 'ठेवणे' या क्रियापदात जी जबाबदारी आहे, तीही त्याच्याकडे नसते. ते मजकूर साठवते. 'यंत्र मला आठवण करून देते' या वाक्यातही आठवण ज्याला व्हायची, तो 'मला' वाक्यातून हलत नाही.

माझी पहिली चूक येथे होती. 'लावून ठेवलंय' या दोन शब्दांत मी आठवण ठेवण्याचे काम यंत्राला दिल्याचा समज करून घेतला. त्याहून मोठी चूक अशी, की जी व्यक्ती खऱ्या अर्थाने आठवण ठेवत होती, तिला मी त्याच शब्दांनी गप्प केले. आई ही घड्याळ नव्हती. बँकेला सुट्टी कधी, माझी परीक्षेची कामे कधी, माझा स्वभाव कसा, हे सारे जमेस धरून ती विचारत असे. बॉटकडे यांतील काहीही नव्हते.

जुन्या काळी काम विसरू नये म्हणून पदराला किंवा उपरण्याला गाठ मारीत. 'मनाशी खूणगाठ बांधणे' हा वाक्प्रचार आपण आजही वापरतो. खूणगाठीचे वैशिष्ट्य असे, की ती स्वतः काहीच सांगत नाही. गाठ हाताला लागली की 'ही कशाची बरे?' असे आपणच आठवायचे. म्हणजे गाठ मारली तरी आठवण ठेवण्याचे काम आपल्याकडेच राही. बॉटचे उलट आहे. तो सर्व सांगतो, म्हणून आपण काहीच ठेवत नाही.

४. नाम म्हणजे आज्ञा नव्हे

दुसरी चूक भाषेची होती, आणि मराठीच्या अभ्यासकाला ती अधिक लाजिरवाणी वाटावी अशी आहे. बॉटला दिलेल्या ओळीत प्रत्यक्षात दोन आज्ञा असतात. पहिली यंत्राला: 'अमुक वेळी मला सांग.' दुसरी, तिच्या पोटात, स्वतःला: 'अमुक काम कर.' आजचा मी उद्याच्या मला आज्ञा देतो आणि यंत्र केवळ जासूद असते. पहिली आज्ञा साच्यात बसवावीच लागते, नाहीतर यंत्र ती स्वीकारत नाही. दुसरीची तपासणी मात्र कोणी करीत नाही. म्हणून तेथे आपण 'दाखला', 'बँक', 'स्वाध्याय', 'फी' अशी एकेक नामे लिहून ठेवतो.

नाम ही आज्ञा नव्हे. आज्ञेला क्रियापद लागते. 'स्वाध्याय' या शब्दाने काय करावे? विषय निवडावा, लिहावयास बसावे, की अभ्यासकेंद्रावर नेऊन द्यावा? दिवसभर राबलेला माणूस रात्री असा एकाक्षरी हुकूम वाचतो, क्षणभर अपराधी होतो आणि संदेश बाजूला सारतो.

'-आयचे आहे' या आपल्या नेहमीच्या रचनेचाही येथे विचार करावा. 'मला बिल भरायचे आहे' या वाक्यातील 'मला' आपण सहज गाळतो आणि 'बिल भरायचे आहे' असे म्हणतो. चारजणांच्या घरात हे वाक्य चौघेही उच्चारतात आणि बिल तसेच राहते, कारण कोणाला भरायचे आहे हे वाक्यात उरलेलेच नसते. बॉटला आज्ञा देताना कर्ता, कर्म, क्रियापद आणि पहिली पायरी ही चारही लिहावीत. माझी आज्ञा अशी हवी होती: '५ नोव्हेंबर, सकाळी ९. आज अकरा वाजता मी आईला घेऊन बँकेत जाऊन हयातीचा दाखला द्यावा. आधार कार्ड आणि पासबुक बरोबर घ्यावे.' एवढे लिहिताना पाच तारखेला कोणता वार आहे, हे मला पाहावेच लागले असते. बँकेची वेळ, आईची सोय आणि माझी रजा यांचाही विचार झाला असता. अर्धे काम आज्ञा लिहितानाच होते, ते असे.

५. परवा, पावणेदोन आणि मध्यरात्र

काळाच्या बाबतीत आपली भाषा माणसांसाठी घडलेली आहे. 'परवा' हा शब्द पाहा. 'परवा आलो' आणि 'परवा येईन' यांत एकच शब्द मागचा आणि पुढचा असे दोन दिवस दाखवतो. कोणता, ते क्रियापदाचा काळ सांगतो. क्रियापद गाळले की अर्थही गेला. 'सव्वा', 'साडे', 'पावणे', 'दीड', 'अडीच' हे आपले शब्द सुटसुटीत आहेत. परंतु आकड्यांची अपेक्षा करणाऱ्या बॉटला पावणेदोन म्हणजे १:४५ हे सांगावे लागते. 'मंगळवारी रात्री साडेबारा' असे आपण म्हणतो, तेव्हा मंगळवारची रात्र अजून सरलेली नाही असे आपण धरतो. घड्याळाच्या हिशेबाने मात्र बुधवार सुरू झालेला असतो. रात्रपाळी करणाऱ्या विद्यार्थ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे. ०५/०६ ही तारीख आपल्याला पाच जून वाटते. अमेरिकी पद्धतीने चालणाऱ्या यंत्राला ती सहा मे वाटते.

यावरून मराठी अपुरी आहे, असा निष्कर्ष काढू नये. 'दिवेलागणीला येतो' असे सांगणारा आणि ऐकणारा एकाच अंगणात उभे असतात. तेथे मिनिटांची गरजच नसते. यंत्र आपल्या अंगणात नाही. म्हणून त्याच्याशी बोलताना महिन्याचे नाव अक्षरी लिहावे, वेळ आकड्यांत लिहावी, आणि त्याने नोंदवलेली तारीख व वार एकदा वाचून पाहावा. अर्धे मिनिटही लागत नाही.

६. कारणासह आज्ञा

आज्ञा कशी लिहावी, याचा एक उत्तम नमुना मराठी गद्यात तीनशे वर्षांपासून आहे. रामचंद्रपंत अमात्य यांच्या 'आज्ञापत्रा'चा काळ अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातला. त्यात आरमारासाठी लाकूड कसे मिळवावे, याचे मार्गदर्शन आहे. आंबा, फणस यांसारख्या रयतेच्या झाडांना हात लावू नये, असे तेथे बजावले आहे. पण लेखक तेवढ्यावर थांबत नाही. ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, ती तोडल्यास तिच्या दुःखाला पार राहत नाही, असे कारणही तो देतो. हुकूम देण्याचा पूर्ण अधिकार असूनही तो कारण देतो, कारण हुकूम पाळणारा माणूस आहे. कारण कळलेला माणूस, ज्या झाडाचे नाव हुकुमात नाही, तेथेही योग्य वागतो.

यंत्राला कारणाची गरज नाही. उद्याच्या तुम्हाला ती आहे. उद्याचे तुम्ही थकलेले असाल, घाईत असाल, आज मनात जी निकड आहे ती उद्या नसेल. म्हणून आज्ञेच्या शेवटी एक वाक्य कारणाचे लिहावे. 'स्वाध्याय आज पूर्ण करावा' याच्यापुढे 'उद्या दीर आणि जाऊबाई येणार आहेत, नंतर चार दिवस टेबल मिळणार नाही' एवढे लिहून पाहा. हा संदेश बाजूला सारताना हात थांबतो. माझ्या ओळीत 'आईला कोणाकडे मागावे लागू नये म्हणून' एवढे शब्द असते, तर मी ३० तारीख निवडली नसती.

७. काही आक्षेप

अशा यंत्रांनी स्मरणशक्ती क्षीण होते, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. मला तो अर्धाच पटतो. तारखा आणि आकडे लक्षात ठेवणे ही काही थोरवी नव्हे. वही आली, दिनदर्शिका आली, तेव्हाही आपण ते कागदावर सोपवलेच. भीती आहे ती काम कागदावर गेले की चिंताही गेली असे वाटण्याची. यादीत टाकलेले काम झालेले नसते.

दुसरा प्रश्न नव्या संवादयंत्रांचा. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यापासून साच्यातील आज्ञेची गरजच काय, असे विचारले जाते. ही यंत्रे विपुल मजकुरावर घडवलेली असतात, आपली सैल वाक्येही पुष्कळदा नीट जुळवून घेतात, आणि मराठीही लिहितात. मात्र जेथे कळले नाही, तेथेही ती संभाव्य वाटणारा अर्थ धरून आत्मविश्वासाने पुढे जाऊ शकतात. मुदतीच्या कामासाठी मला अजूनही 'आज्ञा समजली नाही' असे स्पष्ट सांगणारा साधा बॉट अधिक विश्वासाचा वाटतो. न समजल्यास तसे सांगणे हा यंत्राचाही गुण आहे आणि विद्यार्थ्याचाही.

तिसरी गोष्ट सावधगिरीची. बॉटला लिहिलेला मजकूर तो चालवणाऱ्याच्या संगणकावर पोहोचतो. तो चालवणारा कोण, हे आपल्याला बहुधा ठाऊक नसते. आधार क्रमांक, परवलीचे शब्द, बँकेतून आलेला ओटीपी, घरातील कोणाचा आजार यांची नोंद तेथे करू नये. 'आईला घेऊन दवाखान्यात जावे' एवढे पुरते. कशासाठी, ते मनात असावे.

८. समारोप

माझे मत थोडक्यात असे: बॉट अवश्य वापरावा. तुमच्यासारख्या अनेक आघाड्यांवर लढणाऱ्या विद्यार्थ्यांना अशी मदत नाकारण्यात काही शहाणपण नाही. परंतु त्याच्याकडे आठवण करून देण्याचे काम द्यावे. आठवण ठेवण्याचे आपल्याकडे राहू द्यावे. आज्ञा पूर्ण वाक्यात, क्रियापदासह, पहिल्या पायरीसह आणि कारणासह लिहावी. मुदतीच्या शेवटच्या दिवसाची आठवण लावू नये. आणि घरातील कोणी विचारले, तर 'लावून ठेवलंय' असे सांगून त्या माणसाला गप्प करू नये.

आता हे पुस्तक मिटण्यापूर्वी एक करा. या अभ्यासक्रमाच्या पुढील स्वाध्यायासाठी स्वतःला द्यावयाची आज्ञा वहीत तीन वाक्यांत लिहा. पहिल्या वाक्यात काम आणि पहिली पायरी, दुसऱ्यात दिवस आणि वेळ, तिसऱ्यात कारण. तिन्ही वाक्ये मोठ्याने वाचा. ती ऐकून उठावेसे वाटले, तर ती बॉटकडे सोपवा. वाटले नाही, तर तिसरे वाक्य पुन्हा लिहा.

आमच्या घरी यंदाही दिवाळीनंतर दिनदर्शिकेवर पेन्सिलीचा गोल उमटला. बॉटचा संदेश ५ नोव्हेंबरला सकाळी आला. आईचा प्रश्न त्याआधी तीन दिवस आला होता. मी तिला म्हणालो, "बुधवारी जाऊ, अकराला तयार राहा." ती म्हणाली, "मी दहालाच तयार असेन."